वाचकांचे प्रश्न : दोन भेटींच्या मधले दिवस

या वेळी आलेल्या पत्रांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील अशा वाचकांची पत्रे अधिक आहेत, जे स्वतः इतरांना मार्गदर्शन करतात. कोणी व्यवसायाने कोच आहेत, म्हणजे प्रश्न विचारून माणसाला स्वतःचे ध्येय ठरवायला आणि गाठायला मदत करतात, कोणी पोलीस भरतीची तयारी करून घेतात, कोणी शेतकऱ्यांच्या गटांबरोबर काम करतात. कामे वेगवेगळी असली तरी तक्रार जवळपास एकच आहे : समोरची व्यक्ती भेटीत सारे मान्य करते आणि पुढच्या भेटीपर्यंत काहीही हलत नाही. भेट कितीही रंगली, तरी कोचच्या कामाचा कस दोन भेटींच्या मधल्या दिवसांत लागतो, असे माझे ठाम मत आहे. खालील उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

प्रश्न : जळगावात छोट्या व्यावसायिकांना आणि नोकरदारांना मी कोच म्हणून मार्गदर्शन करतो. पहिल्या भेटीत क्लायंट मोठ्या उत्साहाने ध्येय सांगतात. मी ते 'स्मार्ट' पद्धतीने, म्हणजे नेमके, मोजता येईल असे आणि मुदत घालून, लिहूनही घेतो. मात्र तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत तो कागद तसाच पडून राहतो. माझ्या पद्धतीत काय बदलावे? (एक वाचक, जळगाव)

ध्येय लिहून घेण्याची सवय सोडू नका. जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली मांडलेल्या 'स्मार्ट' पद्धतीने ध्येयाचे शब्द नेटके होतात. पण लिहिलेले ध्येय आणि क्लायंटचा रोजचा दिवस यांच्यात जे अंतर असते, ते तिच्याने भरून निघत नाही, आणि तुमचे क्लायंट त्याच अंतरात अडकत आहेत असे पत्रावरून दिसते.

पहिल्या भेटीतील उत्साहाकडे जरा सावधपणे पाहावे. जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा दोन वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा यशाची सुखद चित्रे मनात वारंवार रंगवणाऱ्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाला, असे आढळले. मनातल्या मनात यश एकदा उपभोगून झाले की त्यासाठी धडपडण्याची तयारी ओसरते, असे त्या सांगतात. यावर त्यांनीच सुचवलेला क्रम कोचच्या फार उपयोगाचा आहे. आधी इच्छा विचारावी, मग ती पूर्ण झाल्यास सर्वांत चांगले काय घडेल ते विचारावे, आणि लगेच त्यापाठोपाठ 'तुमच्यातली कोणती गोष्ट याच्या आड येते?' हा प्रश्न ठेवावा. व्यापारी मनुष्य प्रथम बाजार, ऑनलाइन विक्री, जीएसटी आणि नोकरमाणसे यांचीच नावे घेईल. त्याला अडवू नका, ते सगळे बाहेर येऊ द्या. ते संपल्यावर तोच प्रश्न शांतपणे पुन्हा विचारा आणि गप्प राहा. बहुतेक कोच हे मौन सहन न होऊन स्वतःच उत्तर सुचवतात आणि क्लायंटचे खरे उत्तर तिथेच हुकते.

दुसरी गोष्ट सद्यस्थितीची. जॉन व्हिटमोर यांच्यामुळे १९९०च्या दशकात सर्वदूर पोहोचलेल्या 'ग्रो' आराखड्यात ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि निर्धार असे चार टप्पे आहेत. त्यांपैकी सद्यस्थितीवर सर्वांत कमी वेळ दिला जातो, कारण तिथे बोलणे कंटाळवाणे होते आणि कधीकधी लाजिरवाणेही. माझ्या मते अर्धी भेट तिच्यावरच खर्च व्हायला हवी. समजा, कापड दुकानाचा एखादा मालक 'धंदा दुप्पट करायचा आहे' असे म्हणाला, तर मागील तीन महिन्यांची विक्री, उधारीची वही, गल्ल्यावर कोण आणि किती वाजेपर्यंत बसते, गिऱ्हाईक परत जाते ते कोणत्या कारणाने, हे सारे त्याच्याकडून आकड्यांत यायला हवे. आकडे ठाऊक नसतील तर ते गोळा करणे हेच पुढच्या भेटीपर्यंतचे काम. असे झाले की अनेकदा ध्येयच बदलते. विक्री दुप्पट करण्याची भाषा करणाऱ्या मालकाच्या लक्षात येते की विक्री पुरेशी आहे, रक्कम उधारीत अडकली आहे. तेव्हा 'दिवाळीपर्यंत जुनी उधारी निम्म्यावर आणणे' हे नवे ध्येय त्याच्या स्वतःच्या तोंडून येते आणि त्या ध्येयाला त्याच्या स्वतःच्या अंगणाचा वास असतो.

ध्येय नेमके आणि थोडे अवघड असावे, हे एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांच्या अनेक दशकांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. 'जमेल तेवढे करा' असे सांगितलेल्या लोकांपेक्षा नेमके व कठीण ध्येय मिळालेले लोक अधिक काम करतात. परंतु त्याच संशोधनात एक महत्त्वाची पुस्तीही आहे, जी आपल्याकडील कार्यशाळांत क्वचितच सांगितली जाते : काम गुंतागुंतीचे आणि पूर्णपणे नवे असेल, तर आकड्याचे ध्येय माणसाला गांगरवते. अशा वेळी शिकण्याचे ध्येय द्यावे. पहिल्यांदाच ऑनलाइन विक्री सुरू करणाऱ्याला महिन्याला अमुक इतक्या ऑर्डर आणा असे सांगण्यापेक्षा, गिऱ्हाईक मालाचे फोटो पाहून विकत का घेत नाही याची तीन कारणे शोधून या, असे सांगणे अधिक फलदायी ठरते.

आता मुख्य दुवा, ज्यामुळे कागदावरचे ध्येय दिवसात उतरते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने 'जर असे घडले, तर मी असे करीन' या साच्यातील संकल्पांचा सखोल अभ्यास केला आहे. त्यांनी पास्कल शीरन यांच्यासोबत २००६ साली ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसते ध्येय ठरवणाऱ्यांपेक्षा असा संकल्प करणाऱ्यांचे ध्येय गाठण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. कारण सरळ आहे : वेळ, जागा आणि प्रसंग आधीच ठरलेला असल्यामुळे त्या क्षणी पुन्हा विचार करावा लागत नाही, प्रसंगच आठवण करून देतो. आपल्या दुकानदाराच्या बाबतीत हा संकल्प असा असू शकेल : 'दुपारी जेवून दुकानात परतलो आणि खुर्चीवर बसलो, की इतर काहीही करण्याआधी उधारीच्या वहीतील तीन जणांना फोन लावीन.' ओळखीच्या माणसाकडे पैसे मागताना जीभ अडखळते, हा त्याचा खरा अडथळा असेल, तर त्यासाठीही संकल्प हवा : 'समोरचा पुढच्या महिन्यावर ढकलू लागला, तर मी तारीख विचारीन आणि ती त्याच्यासमोर वहीत लिहीन.'

हे वाक्य तुम्ही रचून देऊ नका. क्लायंटने ते बोलावे, त्यानेच स्वतःच्या हाताने लिहावे, आणि ज्या भाषेत तो घरी बोलतो त्या भाषेत लिहावे. आपल्या भागात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. कोचसमोर शुद्ध मराठीत 'आर्थिक शिस्त बाणवणे' असे काहीतरी सांगणारा मनुष्य अहिराणीत किंवा लेवा बोलीत बोलू लागला की दोन मिनिटांत मुद्द्यावर येतो. ती बोली तुम्हाला येत असेल तर भेटीत अवश्य वापरा. येत नसेल तर निदान त्याला त्याच्या बोलीत बोलायला सांगा.

राहिला पाठपुरावा. प्रगतीची नोंद ठेवण्याने ध्येय गाठण्यास मदत होते का, या प्रश्नावर २०१६ साली १३८ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले. त्याचे उत्तर होकारार्थी आहे, आणि नोंद प्रत्यक्ष लिहून ठेवली किंवा दुसऱ्याला सांगितली तर परिणाम अधिक होतो, असेही त्यात दिसले. म्हणून भेटीची शेवटची दहा मिनिटे संकल्पासाठी राखून ठेवा आणि पुढच्या भेटीची पहिली दहा मिनिटे त्याच संकल्पाच्या चौकशीसाठी. ही चौकशी विसरलात तर क्लायंट समजून चुकतो की काम केले काय अन् न केले काय, सारखेच. काम झाले नसेल तर 'का नाही केले?' असे विचारू नका, कारण त्याला उत्तर म्हणून सबबच मिळते. 'कोणत्या दिवशी, कोणत्या क्षणी ते राहून गेले?' असे विचारलेत तर माहिती मिळते आणि त्या माहितीवरून संकल्प दुरुस्त करता येतो.

प्रश्न : स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना मी व्यक्तिगत मार्गदर्शन करते. फी वडील भरतात आणि ध्येयही बहुतेक वेळा वडिलांचेच असते. मुलगा 'हो' म्हणतो, अभ्यासिकेत जाऊन बसतो, पण पुढे काही घडत नाही. वडिलांना दर आठवड्याला माहिती हवी असते. मी नेमकी कोणाची कोच आहे? (एक वाचिका, शहादा)

तुम्ही मुलाची कोच आहात, आणि हे वडिलांना पहिल्याच दिवशी, मुलाच्या समोर, आदराने सांगणे आवश्यक आहे. पैसे देणारी आणि मार्गदर्शन घेणारी व्यक्ती वेगळी असेल, तेव्हा कोणती माहिती कोणाला दिली जाईल हे तिघांनी आधीच ठरवावे, अशी अपेक्षा कोचिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेतही आहे. व्यवहारात ते असे करता येते : मुलगा भेटीला आला की नाही आणि पुढची भेट कधी आहे, एवढे वडिलांना कळेल, भेटीत काय बोलणे झाले ते मुलगा स्वतः सांगेल, तुम्ही सांगणार नाही, आणि मुलाच्या जिवाला धोका आहे असे वाटले, तर मात्र तुम्ही गप्प बसणार नाही. 'काका, त्याला माझ्याशी मोकळे बोलता आले तरच तुमच्या पैशांचे चीज होईल,' एवढे स्पष्ट सांगितले तर बहुतेक पालक समजून घेतात. शेतातल्या उत्पन्नातून किंवा कर्ज काढून पुण्याची खोली आणि क्लासची फी भरणाऱ्या बापाच्या आग्रहामागे वाईट हेतू नसतो, त्याला भीती वाटत असते. त्या भीतीचा मान ठेवूनच ही रेषा आखावी.

मुलाकडे वळू. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतानुसार माणसाची आतून येणारी इच्छा टिकायला तीन गोष्टी लागतात : निवड आपली असल्याची जाणीव, आपल्याला जमते असा अनुभव, आणि आपल्या माणसांशी नाते. तुमच्या विद्यार्थ्याकडे तिसरी गोष्ट भरपूर आहे, किंबहुना तिच्याच ओझ्याखाली पहिली दबून गेली आहे. अशा वेळी उपदेश केला की तो आणखी एक वडीलधारा आवाज ठरतो.

त्याऐवजी मोजपट्टीचा प्रश्न वापरा. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारूच्या व्यसनावरील उपचारांच्या संदर्भात मांडलेल्या आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत विकसित केलेल्या संवादपद्धतीत तो प्रामुख्याने वापरला जातो. 'शून्य ते दहा या पट्टीवर ही परीक्षा तुझ्या स्वतःसाठी किती महत्त्वाची आहे?' समजा तो 'पाच' म्हणाला. आपल्या तोंडी सहज येणारा पुढचा प्रश्न 'पाचच का? दहा का नाही?' असा असतो, आणि तो टाळायचा आहे, कारण त्याचे उत्तर देताना मुलगा परीक्षेविरुद्धची कारणे मोजू लागतो. उलट बाजूने विचारा : 'पाच म्हणालास, दोन का नाही म्हणालास?' आता त्याला स्वतःची कारणे शोधावी लागतात. गावात मिळणारा मान, घरातल्या बहिणीचे शिक्षण, तहसील कार्यालयात एकदा पाहिलेला एखादा चांगला अधिकारी, असे काहीही निघेल. जे निघेल ते त्याचे असेल. पुढचा प्रश्न खात्रीचा : 'आणि आपल्याला जमेल याची खात्री किती?' महत्त्व आठ आणि खात्री तीन असेल तर अडचण अभ्यासाच्या पद्धतीची आहे. खात्री आठ आणि महत्त्व दोन असेल तर प्रश्न ध्येयाचाच आहे. दोन्ही ठिकाणी एकच औषध देऊन भागत नाही.

महत्त्व खरोखरच एक-दोनवर असेल तर घाबरू नका आणि ते वर ढकलण्याचा प्रयत्नही करू नका. त्याला स्वतःला काय करावेसे वाटते ते शोधण्यासाठी दोन-तीन भेटी द्या, आणि वडिलांशी बोलायची तयारी त्याच्याकडून करून घ्या : पहिले वाक्य कोणते, कोणत्या वेळी, घरात तेव्हा कोण असेल. गरज वाटल्यास त्या बोलण्याच्या वेळी तुम्ही हजर राहा, पण त्याच्या वतीने बोलू नका. परीक्षा द्यायचे ठरलेच, तर किती प्रयत्नांनंतर थांबायचे आणि त्यानंतर काय करायचे, हे बापलेकांनी आजच ठरवून लिहून ठेवावे. ही अट कठोर वाटेल, पण तिच्या अभावी तिशी उलटून गेलेले तरुण आपण सर्वांनीच पाहिले आहेत.

प्रश्न : रावेर तालुक्यात शेतकऱ्यांच्या गटाबरोबर मी काम करतो. केळीचा भाव आपल्या हातात नाही, वादळ हातात नाही, मग ध्येय ठरवून काय उपयोग, असे गटातले आप्पा-तात्या विचारतात. त्यांना काय सांगावे? (एक वाचक, रावेर)

त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि ते खरे आहे हे त्यांना आधी सांगा. मे-जूनमधल्या वादळी वाऱ्यात घडांनी लगडलेली बाग एका संध्याकाळी आडवी झालेली ज्याने पाहिली आहे, त्याला 'मनात आणले तर सारे शक्य आहे' असे सांगणे हा त्याचा अपमान आहे.

नंतर कागदावर दोन रकाने पाडा. एकात फळ आणि दुसऱ्यात कृती. भाव, वादळ, विषाणूची साथ, निर्यातीचा खरेदीदार येणे किंवा न येणे हे फळाच्या रकान्यात. कृतीच्या रकान्यात रोपे कोणत्या रोपवाटिकेतून घ्यायची, ठिबकमधून खते वेळापत्रकाप्रमाणे सोडली का, पिले (बुंध्याशी फुटणारी नवी रोपे) वेळेवर काढली का, निसवणीनंतर (घड बाहेर पडल्यावर) घडाची निगा राखली का, पिकाचा विमा मुदतीत भरला का. ध्येय दुसऱ्या रकान्यातून निवडावे. पहिल्या रकान्यातील अपेक्षा लिहून ठेवावी, पण पुढच्या भेटीत हिशेब मात्र दुसऱ्याचाच मागावा. भाव पडला तरी ज्याने कृती पूर्ण केल्या त्याने ध्येय गाठले, हे गटासमोर मोठ्याने म्हणायला हवे.

भेटींचे वेळापत्रक पिकाच्या चक्राला बांधा. केळीची मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग पाऊस ओसरताना, आणि लागवडीपासून कापणीपर्यंत जवळपास वर्ष जाते. त्यामुळे 'नव्वद दिवसांत परिणाम' हा शहरी कोचिंगचा साचा इथे चालत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सणात, श्रावणातल्या कानबाईच्या रविवारी किंवा ऐन कापूस वेचणीत बैठक ठेवून उपस्थिती कमी म्हणून नाराज होण्यात अर्थ नाही. लागवडीपूर्वी, निसवणीच्या आधी आणि कापणीच्या आधी अशा तीन बैठका पक्क्या ठेवा, मधल्या काळात शेताच्या बांधावर जाऊन भेटा.

आणखी एक तंत्र गटासाठी सुचवतो. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेल्या या पद्धतीत काम सुरू होण्यापूर्वीच असे समजायचे की हंगाम संपला आहे आणि ठरवलेले साधलेले नाही. मग प्रत्येकाने त्याचे कारण सांगायचे. गावच्या बैठकीत वडीलधाऱ्याने मांडलेल्या बेताला तरुण उघड विरोध करत नाहीत. मात्र 'समजा फसले, तर कशामुळे फसले असेल?' असे विचारल्यावर तेच तरुण मोकळेपणाने बोलतात, कारण तो विरोध ठरत नाही. बोलण्याची सुरुवात वयाने सर्वांत लहान असलेल्यापासून करा. आणि बैठकीला बायकांना बोलवा. शेतातली रोजची कितीतरी कामे त्यांच्या हातची असताना, संकल्प फक्त पुरुषांकडून वदवून घेतला तर तो बैठकीच्या खोलीतच राहतो.

प्रश्न : रेल्वेतून निवृत्त झालो आहे. कोच म्हणून काम करण्यासाठी प्रमाणपत्र सक्तीचे आहे का? (एक वाचक, भुसावळ)

भारतात या व्यवसायासाठी कायद्याने सक्तीची नोंदणी नाही. १९९५ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची मान्यता सर्वाधिक ओळखली जाते. तिच्या पहिल्या पायरीसाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. दोन दिवसांच्या शिबिरानंतर मिळणाऱ्या रंगीत प्रमाणपत्रावर पैसे घालू नका. निवृत्त माणसाची खरी अडचण वेगळी असते : अनुभव इतका असतो की समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधी सल्ला तयार असतो. सल्ला देणे हेही मोलाचे काम आहे, पण तो देताना 'हा माझा सल्ला आहे, निर्णय तुमचा' असे सांगून द्यावा आणि प्रश्न विचारण्याच्या कामात तो मिसळू नये.

प्रश्न : धडगाव, अक्कलकुवा भागातील मुलामुलींची पोलीस भरतीची मैदानी तयारी मी करून घेतो. मुले चिवट आहेत, पण चार दिवस खंड पडला की 'आता माझ्याने होत नाही' म्हणून मैदान सोडतात. काय करावे? (एक वाचक, नंदुरबार)

खंड पडणार हे गृहीत धरूनच योजना आखावी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. मात्र व्यक्तीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता, आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर विशेष परिणाम झाला नाही. २१ दिवसांत सवय लागते हे सर्वत्र ऐकू येणारे वाक्य मुलांना सांगू नका, कारण बाविसाव्या दिवशीही पहाटे उठवत नाही म्हटल्यावर त्यांना दोष स्वतःतच दिसतो.

तुमच्या मुलांच्या बाबतीत खंडाची कारणे आळसाची नसतात. घरचे ऊसतोडीला गुजरातेत जातात, शेताचे काम येते, पाड्यावरून मैदानापर्यंत गाडी मिळत नाही. म्हणून प्रत्येकाकडून दोन संकल्प घ्या, एक नेहमीच्या दिवसाचा आणि एक खंडानंतरच्या पहिल्या दिवसाचा : 'परत आलो, की पहिल्या सकाळी घड्याळ न लावता फक्त दोन फेऱ्या पळेन.' हा दुसरा संकल्प खंड पडण्याच्या आधीच ठरलेला असावा. खंडानंतर पहिल्याच दिवशी पूर्ण अंतराची वेळ घेतली की घड्याळातील आकडा त्याला घरी पाठवतो.

आत्मविश्वासाबद्दल मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचे म्हणणे तुमच्या कामाला तंतोतंत लागू पडते. 'मला जमेल' हा विश्वास सर्वांत जास्त स्वतः यशस्वी केलेल्या कृतीतून येतो, त्याखालोखाल आपल्यासारख्याच कोणाला तरी जमलेले पाहून, आणि शब्दांच्या प्रोत्साहनातून त्याहून कमी. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी मुलांच्या १६०० मीटर आणि मुलींच्या ८०० मीटर धावण्याला २० गुण असतात, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांना प्रत्येकी १५. हे अंतर तुकड्यांत मोडा. १६०० मीटरची एकच वेळ सांगण्याऐवजी ४०० मीटरच्या चार फेऱ्यांच्या वेळा प्रत्येकाने स्वतःच्या वहीत लिहाव्यात. एकूण वेळ सुधारली नसली तरी तिसरी फेरी सुधारलेली असते, आणि ते वहीत दिसते. मागील भरतीत निवड झालेल्या, त्याच पाड्यांतील मुलीला किंवा मुलाला सुटीत मैदानावर बोलवा आणि भाषण करायला न सांगता मुलांबरोबर पळायला सांगा.

प्रश्न : माझ्या एका क्लायंटला झोप लागत नाही, ती प्रत्येक भेटीत रडते आणि 'जगून काय करायचे' असे म्हणाली. ध्येयाचे काम पुढे चालू ठेवावे का? आणि तिला दिलेल्या गुप्ततेच्या वचनाचे काय करावे? (एक वाचिका, धुळे)

नाही. ध्येयाचे काम आज थांबवा. कोचला येणारी सर्व तंत्रे अशा माणसासाठी आहेत, ज्याची झोप, भूक आणि जगण्याची इच्छा मूलतः शाबूत आहे. तुमच्या क्लायंटला मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे आणि तिथपर्यंत पोहोचायला तिला मदत करणे, हे आता तुमचे एकमेव काम आहे.

तिला सरळ विचारा : 'ताई, जीव द्यावा असे मनात येते का?' विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बोलण्याची वाट मोकळी होते. उत्तर होकारार्थी असेल तर तिला एकटी सोडू नका, तिच्या विश्वासातील एका व्यक्तीला तिच्यासमोर फोन लावा आणि त्याच दिवशी रुग्णालयात घेऊन जा. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. केंद्र शासनाची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. उत्तर नकारार्थी असले तरीही येत्या काही दिवसांतच डॉक्टरांची भेट ठरवून द्या, 'बघा जमले तर' असे म्हणून सोडू नका.

गुप्ततेची अडचण तुम्ही पत्रात मांडली आहे. जिवाचा प्रश्न आला की गुप्ततेचे वचन तिथे संपते, आणि हे प्रत्येक क्लायंटला पहिल्या भेटीतच सांगून ठेवायचे असते, म्हणजे पुढे विश्वासघात झाल्यासारखे त्याला वाटत नाही. उपचार सुरू होऊन डॉक्टरांनी हरकत नाही असे सांगितल्यावर ध्येयाच्या कामाकडे परत येता येते. तिला हेही सांगा, म्हणजे आपल्याला वाऱ्यावर सोडले असे तिला वाटणार नाही.

प्रश्न : क्लायंटला व्हॉट्सअ‍ॅपवर रोज आठवण करून द्यावी का? (एक वाचक, चाळीसगाव)

रोज नको. तुम्ही रोज आठवण केलीत तर आठवण ठेवण्याचे काम तुमचे होते, आणि तुमचा मेसेज थांबला की त्याचे कामही थांबते. क्लायंटनेच ठरलेल्या दिवशी तुम्हाला एका ओळीत कळवावे : काय केले, काय राहिले. त्याची ओळ आली नाही तर दुसऱ्या दिवशी तुम्ही एकदाच विचारावे आणि उत्तर आल्यावर शाबासकीच्या चिन्हांची रांग न पाठवता त्याने लिहिलेल्यातील एखाद्या नेमक्या गोष्टीबद्दल एक प्रश्न पाठवावा. सकाळचे सुविचार पाठवत असाल तर ते बंद करा. आठवड्याचा दिवस आणि वेळ त्यालाच निवडू द्या. दुकानदाराला रविवार जमणार नाही आणि शिक्षकाला सोमवारची सकाळ.